दुसरी बाजू आधी लावा

डब रेगेचे जुने संग्रह जमवायला लागलात की कव्हरमागच्या बारीक अक्षरांत एक नाव पुन्हा पुन्हा भेटतं: किंग टबीज स्टुडिओ. पत्ता 18, ड्रोमिली अव्हेन्यू, किंग्स्टन, जमैका. इतक्यांदा वाचलंयत, तर आज तिथे जाऊनच येऊ. मोबाइल घरी ठेवा. अंगात सुती शर्ट, पायात जुन्या चपला, खिशात थोडे जमैकन डॉलर. साल 1975, वार शुक्रवार, वेळ भर दुपारची.

उतरताच ऊन अंगावर येतं. नॉर्थ परेड या रस्त्याच्या तापलेल्या डांबराची झळ चपलेच्या तळातून वर चढते. समुद्र जवळच आहे, त्यामुळे हवा दमट आणि घाम वाळायचं नाव नाही. बसचे हॉर्न, फळवाल्या बायकांच्या आरोळ्या, शेंगदाणेवाल्याच्या ढकलगाडीतून निघणारी वाफेची लांबच लांब शिट्टी. कोपऱ्यावर खिमा भरलेली पिवळीधमक पॅटी मिळते. घ्या एक. पहिल्याच घासाला तिथली मिरची नाकात जाईल आणि कवचाचा चुरा शर्टावर सांडेल. झटका आणि चला, 17 नंबरच्या दुकानात शिरायचंय.

हे रँडीज. खाली रेकॉर्डींचं दुकान, वर स्टुडिओ. बाजूच्या बोळाला लोक ‘आयडलर्स रेस्ट’ म्हणतात. गायक, वादक आणि काम शोधणारे तिथे भिंतीला पाठ टेकून दिवस काढतात. आत पाय ठेवायला जागा नाही. काउंटरवर एकामागून एक नवी रेकॉर्ड लागते, दहा-पंधरा सेकंद वाजते, आवडली की गर्दीतून हात वर होतात. तुम्ही लाजत उभे राहिलात तर ती गेलीच समजा. करा हात वर!

मिळाली? आता ती डोळ्यांजवळ धरा. सात इंची तबकडी, मधोमध रुपयाच्या नाण्याहून मोठं भोक. कडेला घासायचा राहिलेला खरखरीत काठ आहे, लेबल किंचित तिरकं बसलंय. एका बाजूला जेकब मिलरचं ‘बेबी आय लव्ह यू सो’. ऑगस्टस पाब्लोने बनवलेलं गोड प्रेमगीत. पण तुमचा हात थरथरायला हवा तो दुसऱ्या बाजूसाठी. तिथे तेच गाणं आहे, किंग टबीने उलगडून पुन्हा रचलेलं. पुढे मूळ गाण्यापेक्षा हीच बाजू जगभर गाजणार आहे. इथे मात्र त्या बाजूला सगळे नुसतं ‘वर्शन’ म्हणतात.

वर्शनच्या या प्रथेची सुरुवात चुकीतून झाली, असं सांगतात. साठच्या दशकाच्या शेवटी स्पॅनिश टाउनच्या रडी रेडवुड या साउंडवाल्यासाठी, म्हणजे नाचाला मोठ्या स्पीकरांवर रेकॉर्डी वाजवणाऱ्यासाठी, खास रेकॉर्ड म्हणजे ‘प्लेट’ कापताना गायकाचा आवाज घालायचा राहून गेला. रडीने ती तशीच नाचाला वाजवली. मोकळी जागा मिळताच लोकांनीच गाणं उचलून धरलं. चूक लोकांना आवडली आणि तिची पद्धत झाली.

आता मिनीबस पकडा आणि टबीच्या स्टुडिओकडे, वॉटरहाउस वस्तीत चला. चार जणांच्या बाकावर सहा जण, काखेत कोणाची तरी कोंबडी, ड्रायव्हरच्या डोक्यामागे स्पीकर. बेस लागला की आख्खी बस पत्र्याच्या डब्यासारखी थरथरते. उतरलात की पत्र्याची कुंपणं, धुळीत झोपलेली कुत्री, आंब्याची सावली. आणि एका साध्या बैठ्या घरासमोर माणसांचा घोळका. हाच तो पत्ता.

हे सगळे साउंडवाले आहेत. शनिवारच्या नाचासाठी प्रत्येकाला अशी प्लेट हवी, जी दुसऱ्या कोणाकडे नसेल. आत जागा इतकी कमी की बँड मावत नाही. वाद्यं दुसऱ्या स्टुडिओत रेकॉर्ड होऊन टेपवर येतात. इथे फक्त आवाज भरायचा आणि मिक्स करायचं. गायकाची खोली म्हणजे पूर्वीची न्हाणी. तिथे उभं राहून गायलेला आवाज आज तुमच्या कपाटातल्या तबकडीवर आहे.

टेबलापाशी इस्त्रीच्या कपड्यांतला शांत माणूस बसलाय. ऑस्बर्न रडॉक, म्हणजेच किंग टबी. मूळचा रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करणारा. समोर डायनॅमिक साउंड्सकडून घेतलेलं जुनं चार ट्रॅकचं एमसीआय मिक्सर. श्वास रोखा, टेप सुरू झाली. तो एका बोटाने गिटार खाली ओढतो, गिटार नाहीशी होते. गायकाचा अर्धाच शब्द वर येतो आणि खोल विहिरीत हाक मारावी तसा घुमत, विरत जातो. एक मोठं बटण फिरवलं की हाय-हॅट बारीक होत होत पत्र्यावर पडणाऱ्या सरीसारखी होते. मग तो आवाज घुमवणाऱ्या रिव्हर्बच्या पेटीवरच थाप मारतो. आतली स्प्रिंग हादरते आणि खोलीत वीज कडाडते. उरतात फक्त ड्रम आणि बेस. बेस कानाने ऐकू येण्याआधी पोटात पोचतो.

कुठलीही लिखित योजना नाही. बोटांना त्या क्षणी जे सुचलं ते सुचलं. हीच टेप तो पुन्हा लावेल, तेव्हा मिक्स वेगळंच होईल.

बाजूला कटिंग मशीन चालू आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा काळा थर, त्यात सुई खाच कापत चाललीय. केसाइतका बारीक काळा धागा गुंडाळत वर येतो. नेलपॉलिशसारखा उग्र वास नाकात बसतो. ही डबप्लेट. मऊ असते, थोड्याच वेळा वाजवली की खाच झिजते आणि खरखर वाढते. ती जपण्यासाठी बनतच नाही. उद्याची रात्र गाजवायला बनते.

चला तर उद्याच्या रात्रीत. बांबूने वेढलेलं मोकळं अंगण, कपाटाएवढ्या स्पीकरांची भिंत, अंधारात लालसर तापलेले अँप्लिफायरचे व्हॉल्व्ह. पिंपाच्या शेगडीवर कोंबडी भाजतेय. शेजारच्या पातेल्यातून ओळखीचा वास येतो, हळद-जिऱ्याच्या मसाल्यात शिजलेल्या बोकडाचा. चमकू नका. 1845 पासून हिंदुस्तानातून इथे उसाच्या मळ्यांवर आलेल्या मजुरांनी तो रस्सा आणला. हवेत तरंगणाऱ्या धुरालाही इथे गांजाच म्हणतात. सुई टेकते. बेस सुटतो, शर्ट अंगावर फडफडतो, दातही हलतात. गाणं पुरं व्हायच्या आत लोक पत्रे बडवतात, ‘पुन्हा!’ म्हणून ओरडतात, आणि सुई उचलून परत खाचेच्या सुरुवातीला ठेवली जाते. प्रत्येक फेरीला ती प्लेट थोडी मरते, हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

आता परत या. ती प्लेट तुम्हाला आणता येणार नाही. टेप महाग होती, कित्येकदा तिच्यावरच दुसरं गाणं भरलं गेलं. जे वाचलं ते पुढे कोणीतरी धुळीतून वेचून एकत्र केलं. मँचेस्टरच्या ब्लड अँड फायर कंपनीने 1994 साली काढलेला ‘डब गॉन क्रेझी’ हा अशाच मिक्सचा संग्रह. असे संग्रह म्हणूनच मोलाचे. विरून जायला जन्मलेली एखादी शुक्रवारची संध्याकाळ त्यांत शिल्लक आहे.

तेव्हा हाती लागलेली रेकॉर्ड प्लॅस्टिकमध्ये बंद करून किंमत वाढायची वाट पाहू नका. मागची बारीक अक्षरं वाचा, मिक्स कोणी केलं ते लक्षात ठेवा, चार मित्रांना घरी बोलवा, बेस वाढवा. आणि सात इंची असेल तर दुसरी बाजू आधी लावा.