नगरच्या फरारबाई

दर तीन जानेवारीला आपण सावित्रीबाईंची जयंती करतो. फोटोला हार घालतो, मुलींची भाषणं होतात. १८४८ साली जोतिराव फुल्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, सावित्रीबाई तिथं शिकवू लागल्या, लोकांनी अंगावर शेण फेकलं तरी थांबल्या नाहीत, हे आता लहान पोरींनाही पाठ आहे. पण शाळेत शिकवायचं कसं, हे सावित्रीबाई कुठं शिकल्या? जोतिरावांनी त्यांना घरी लिहायला-वाचायला शिकवलं. शिक्षिकेचं काम मात्र त्यांनी दोन ठिकाणी शिकून घेतलं. एक पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या शाळेत. आणि दुसरं नगरला, सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन बाईंकडे. आजच्या भागात आम्ही या फरारबाईंची माहिती घेऊन आलो आहोत.

नगर आपल्याला लांब नाही. पडेगावहून छावणीकडे आलं की नगर नाका लागतो, तिथून वाळूजवरून सरळ रस्ता जातो. त्या काळी मात्र दोन राज्यं होती. आपला भाग निजामाकडे. कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली की इंग्रज कंपनीचा मुलूख. आज आपण त्या गावाला अहिल्यानगर म्हणतो.

फरारबाईंचा जन्म १७९५ सालचा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका खेड्यातला. तिथं त्या शाळेत शिकवायच्या. लग्न केलेलं नव्हतं. १८२७ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्या जहाजात बसल्या. तेव्हा सुएझचा कालवा झालेला नव्हता. सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून शिडाचं जहाज यायचं. जून महिन्यात निघालेल्या बाई मुंबईला पोचल्या तेव्हा डिसेंबर संपत आला होता. त्यांना पाठवणारी संस्था अमेरिकन मराठी मिशन चालवत होती. तोपर्यंत मिशनच्या कामाला परदेशी जाणाऱ्या बाया बहुतेक नवऱ्यासोबत जात. लग्न न झालेली बाई या कामासाठी एवढ्या लांब येणं ही तिकडेही नवलाचीच गोष्ट होती.

मुंबईत मिशनने १८२४ सालीच मुलींची शाळा सुरू केली होती. ते काम फरारबाईंकडे आलं. आता काम म्हणजे काय, ते जरा समजून घेऊ. आधी मराठी शिकायची. तीही नुसती पुस्तकातली नाही, तर दारातल्या बाईशी बोलता येईल अशी. मग घरोघरी जाऊन पोरी मागायच्या. लोकांचा समज असा की पोर शिकली तर विधवा होते. आई म्हणायची, धाकट्याला कोण सांभाळणार? बाप म्हणायचा, हिला काय कारकुनी करायची आहे? आणि आठ-नऊ वर्षांची झाली की लग्न. अक्षरं जुळू लागली न लागली, तोच पोर सासरी.

शिकवायला बायाही मिळत नव्हत्या, कारण शिकलेली बाईच नव्हती. म्हणून पंतोजी नेमावे लागत. या शाळेतून त्या शाळेत जायचं, किती पोरी आल्या ते बघायचं, धडे म्हणून घ्यायचे, पंतोजी नीट शिकवतात का ते पाहायचं, पोरींना वाचनाबरोबर शिवणकाम द्यायचं, आणि शाळांना पैसे मिळावेत म्हणून पत्रं लिहायची. पत्र अमेरिकेत पोचायला महिनेच्या महिने लागत. अशा कामातून दोनेक वर्षांत मुंबईतल्या शाळांमध्ये चारशेच्या आसपास मुली झाल्या.

१८३७ मध्ये तब्येत बिघडली म्हणून बाई मायदेशी गेल्या. तिथंच राहिल्या असत्या तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण १८३९ मध्ये त्या परत आल्या आणि नगरला कामाला लागल्या. आमच्या गटातली एक जण हसून म्हणाली, "आडनाव फरार, पण बाई काही पळून गेल्या नाहीत!" खरंच आहे ते. १८६२ साली नगरलाच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. सगळी मिळून तीस वर्षांहून जास्त सेवा झाली. त्यांच्या हयातीत नगरला रेल्वेसुद्धा आली नव्हती.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. फरारबाई इथं आल्या त्या ख्रिस्ती धर्म सांगायला. शाळेत बायबल शिकवलं जायचं. म्हणून लोकांना शंका यायची, आणि ती उगाच नव्हती. कुणी बाप्तिस्मा घेतल्याची बातमी पसरली की आईबाप पोरी काढून घ्यायचे. मिशनच्या शाळा अशा कितीदा तरी ओस पडल्या. पोरी परत येईपर्यंत पुन्हा उंबरठे झिजवावे लागत. दोन्ही बाजू आपण समजून घ्याव्यात असं आम्हाला वाटतं. आपलं लेकरू आपल्या धर्मातून जाईल, ही भीती आईबापाची होती. आणि पोरगी अडाणी राहू नये, ही तळमळ बाईंची होती.

याच शाळा बघायला जोतिराव नगरला गेले. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे तिथं नोकरीला होते. फरारबाईंच्या शाळेत मुली वाचताना, लिहिताना जोतिरावांनी पाहिल्या. परदेशातून आलेली बाई हे करू शकते, तर आपण आपल्या लेकींसाठी का करू नये, हे त्यांच्या मनानं घेतलं. पुढं त्यांनी मिशनची शाळा मागितली नाही. स्वतःची शाळा काढली आणि सगळ्या जातींच्या मुलींना दार उघडलं. बाई दारोदार जात होत्या, तसे फुले पतिपत्नीही गेले. पण ते इथलेच होते, लोकांच्या भाषेतले आणि दुःखातले होते. म्हणून ते काम इथल्या मातीत रुजलं.

त्याचं फळ किती लवकर आलं बघा. फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. हे पत्र नगरहूनच १८४२ साली अमेरिकन मिशनने सुरू केलेलं होतं. आणि त्या निबंधात मुक्तानं थेट धर्मालाच प्रश्न विचारले. शिकलेली मुलगी कुणाचंच मुकाट्यानं ऐकत नाही, ती स्वतः विचार करते. शिकवणाऱ्याचा हेतू काही असो, अक्षर एकदा पोरीच्या हाती आलं की ते तिचं होतं.

फरारबाईंचे पुतळे चौकाचौकात नाहीत. त्यांनी मोठं आंदोलन केलं नाही. त्यांनी रोज एकच काम केलं. आज पोर शाळेत आली नाही, तर तिच्या घरी जाऊन का आली नाही ते विचारलं.

मैत्रिणींनो, हे काम अजून संपलेलं नाही. सातवीनंतर, दहावीनंतर आपल्याही गावात मुली घरी बसतात. शाळा लांब आहे, एसटीची वेळ जमत नाही, आई मजुरीला जाते, धाकट्याला बघायला कुणी नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर सहा महिने शाळाच सुटते. आणि स्थळ चांगलं आलं म्हणून अठराच्या आत लग्न उरकलं जातं. कारणं बघा, दोनशे वर्षांत फारशी बदललेली नाहीत.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एक काम करू या. आपल्या गल्लीतली कोणती मुलगी शाळेतून गळाली, तिची यादी करू. दोघी-दोघी मिळून तिच्या घरी जाऊ. उपदेश करायला नको. काय अडचण आहे, एवढंच विचारू. सोबत हवी असेल तर सोबत देऊ, फी अडली असेल तर गटात बोलू, लग्नाची घाई असेल तर आईशी एकटीशी बसून बोलू. पहिल्या खेपेला दार लागेल. फरारबाईंनाही लागलं होतं, सावित्रीबाईंनाही. आपण दुसऱ्या खेपेला जाऊ.