मॅटलॅब की पायथन?

बीडला घरी बसून मला एकच प्रश्न छळायचा: विज्ञानातली गणितं करायला कोडिंग कशातून शिकू?

प्रश्न जुनाच आहे. १९५७ मध्ये फोरट्रान आली. पुढे प्राध्यापक क्लीव्ह मोलर यांनी, विद्यार्थ्यांना फोरट्रान न लिहिता मॅट्रिक्सची गणितं करता यावीत म्हणून मॅटलॅब बनवलं. १९८४ पासून ते विकत मिळू लागलं. माझ्या खिशात तेवढे पैसे नव्हते. पायथन फुकट, २००६ मध्ये आलेली तिची नमपाय लायब्ररीही फुकट. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल तर मराठीतही! व्हिडिओ थांबवत थांबवत शेजारच्या खिडकीत कोड लिहायचो.

पण खरं शिकलो ते बीडच्या पावसाचे आकडे घेऊन सरासरी काढली तेव्हा. म्हणून सांगतो, आधी आपलं गणित ठरवा. भाषा मग निवडा.