'गाव' कोणाचे? : रिसोड परिसर, वऱ्हाड आणि आरोग्यकार्यातील ग्रामसंघटनेचा प्रश्न

ग्रामीण महाराष्ट्रातील आरोग्यकार्याचा इतिहास सामान्यतः दवाखाने, रुग्णालये, साथी आणि शासकीय योजना यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. त्या लेखनात एक शब्द मात्र विनाचर्चा गृहीत धरला जातो, तो म्हणजे 'गाव'. 'गावाने सहकार्य केले', 'गावाने जागा दिली', 'गावाने लस टोचून घेण्यास विरोध केला' अशी वाक्ये जुन्या-नव्या अहवालांतून सर्रास आढळतात. या वाक्यांचा व्याकरणातील कर्ता 'गाव' आहे हे उघड आहे. परंतु इतिहासातील कर्ता कोण, याचा शोध घेतल्यावाचून लोकांनी एकत्र येऊन चालविलेल्या आरोग्यकार्याचे मूल्यमापन करता येणार नाही. प्रस्तुत विवेचनात रिसोड व त्याच्या आसपासचा वऱ्हाड हा प्रदेश आरंभबिंदू मानून हा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यातील सर्वांत बोलके उदाहरण मात्र वऱ्हाडाबाहेरचे आहे.

रिसोड हे आज वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. पैनगंगा याच तालुक्यातून वाहते आणि दक्षिणेस मराठवाड्याची सीमा लागते. १८५३ पासून वऱ्हाड हा इंग्रजांच्या कारभाराखाली होता. सीमेपलीकडचा मुलूख मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिला. बोली, सोयरीक आणि बाजार यांनी जोडलेली गावे अशा रीतीने दोन राजवटींत विभागलेली होती. वाशीम हा पूर्वी स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास आणि पुसद तालुका यवतमाळास जोडण्यात आला. पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा निर्माण होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ९३ वर्षे, रिसोडच्या माणसास जिल्ह्याचे ठिकाण म्हणजे अकोला होते. जिल्हा रुग्णालय, जिल्ह्याचा वैद्यकीय अधिकारी आणि त्यांच्यापर्यंत पोहोचावयाची तक्रार या तिन्ही गोष्टी इतक्या दूर असल्यावर गावास स्वतःच्या बळावर काय करता येत होते, हा प्रश्न निव्वळ तात्त्विक राहत नाही.

या मुलखावर कोसळलेल्या आपत्तींचे मान शिरगणतीच्या आकड्यांवरून कळते. १८९१ मध्ये वऱ्हाडाची लोकसंख्या २८,९७,४९१ होती, ती १९०१ मध्ये २७,५४,०१६ झाली, म्हणजे सुमारे ५ टक्क्यांनी घटली. त्याच दशकात वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या ३,९८,१८१ वरून ३,५३,४१० वर आली. ही घट सुमारे ११ टक्के, म्हणजे प्रांताच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ, त्यांच्या मागोमाग आलेले रोग आणि देशांतर यांचा हा एकत्रित परिणाम होय. त्यानंतर प्लेग आला आणि १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. मध्यप्रांत व वऱ्हाड हा त्या साथीत हिंदुस्थानातील सर्वाधिक हानी सोसलेल्या प्रांतांपैकी एक होता.

अशा वेळी गावे एकत्र येत नसत असे नाही. प्लेगात उंदीर पडू लागले की घरे सोडून माळावर वा शेतात झोपड्या घालून राहण्याचा निर्णय समस्त गाव घेत असे, आणि वैद्यकीय दृष्टीनेही तो उपाय योग्य होता. पटकीच्या साथीत निघणारा मरीआईचा गाडा हे तर सामूहिक कृतीचे नमुनेदार उदाहरण आहे. घरोघरी वर्गणी गोळा होई, धान्य जमे, सुतार गाडा करी, पोतराज पुढे चाले आणि देवीचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडला जाई. जाती-जातींतील कामांची विभागणी, खर्चाची वाटणी आणि सर्वांची उपस्थिती पाहिली तर आजच्या कोणत्याही समितीस हेवा वाटावा अशी ही संघटना होती. परंतु तिची दोन लक्षणे ध्यानात घेतली पाहिजेत. एक तर रोग शिवेबाहेर जाई तो पुढच्या गावाच्या शिवारात. गावाचे ऐक्य शिवेपाशी संपत असे. दुसरे असे की, या विधीत ज्यांच्यावाचून गाडा हलत नसे, ते महार-मांग समाज एरवी गावाच्या पाणवठ्यावर जाऊ शकत नसत. पटकी पाण्यातून पसरते. गाडा ओढताना जे 'गावात' होते ते पाणी भरताना 'गावाबाहेर' होते, आणि ही विसंगती त्या काळी कोणास विसंगती वाटली नाही.

सुईणीच्या बाबतीतही हेच दिसते. बाळंतपणाचे काम अनेक ठिकाणी मांग वा न्हावी समाजातील स्त्रीकडे असे. घरातील सर्वांत नाजूक प्रसंगी तिचा हात चाले, प्रसंग सरल्यावर मात्र तिचा स्पर्श चालत नसे. गावाचे आरोग्य ज्यांच्या हातांवर अवलंबून होते त्यांना गावाच्या विचारविनिमयात स्थान नव्हते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडातच या विसंगतीवर बोट ठेवणारे दोन महापुरुष निर्माण झाले, हा योगायोग नसावा. गाडगे महाराज (१८७६-१९५६) गावात शिरताच हातात झाडू घेत आणि कीर्तन त्यानंतर करीत. हा क्रम महत्त्वाचा आहे. ऐकावयास आलेल्या माणसांनी आधी एकत्र झाडलेले असे, आणि झाडणे हे कोणत्या जातीचे काम मानले जाई हे सर्वांस ठाऊक होते. पंढरपुरात त्यांनी उभारलेली चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली गेली. तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) मोझरी येथे १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव पसरल्या. त्यांच्या 'ग्रामगीते'त ग्राम-आरोग्यास स्वतंत्र अध्याय आहे. याच परंपरेच्या आगेमागे १९४६ मध्ये अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे कुष्ठरोग्यांसाठीचे तपोवन उभे राहिले. रिसोडच्या शेजारी, मेहकर तालुक्यात, शुकदास महाराजांचा हिवरा आश्रम १९६५ पासून रुग्णसेवेसाठी ओळखला जाऊ लागला. तथापि या सर्व कार्यांचा कणा एकेका व्यक्तीची वाणी आणि तीवरील लोकांची श्रद्धा हा होता. लोक एकत्र येत ते महाराजांभोवती. महाराज पुढच्या गावी गेल्यावर मागे कोण उरे आणि काय करी, याचे उत्तर गावागणिक निराळे मिळते.

शासनाने दिलेले उत्तर समितीचे होते. भोर समितीने १९४६ मध्येच ग्राम-आरोग्य समित्यांची शिफारस केली होती. २ ऑक्टोबर १९५२ पासून समूह विकास योजना आली, तिच्याबरोबर 'श्रमदान' हा शब्द रूढ झाला, आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. समित्या झाल्या, त्यांवर पाटील, सावकार, मोठे बागाईतदार यांची नावे आली. याहून अधिक विस्ताराने त्यांविषयी लिहिण्याजोगे थोडेच आहे.

या पार्श्वभूमीवर जामखेडचा प्रयोग पाहावयास हवा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेलोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या असे लक्षात आले की, बरी होऊन गेलेली माणसे त्याच आजाराने पुन्हा दाराशी येतात. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेड हा दुष्काळी तालुका निवडला. दवाखान्याचा आरंभ गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या वापरात नसलेल्या इमारतीत झाला. स्थानिक पुढाऱ्यांची सल्लागार समितीही स्थापन झाली. इथवर जामखेडात निराळे काहीच नव्हते.

निराळेपणास आरंभ झाला तो अपयशातून. प्रशिक्षित परिचारिका गावांत पाठविण्याचा पहिला बेत टिकला नाही. शहरी वळणाची तरुण मुलगी परक्या गावात एकटी राहावयास कचरे आणि गावकरीही तिचे ऐकत नसत. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी आणि तिला शिकवावे, असा मार्ग निघाला. निवडल्या गेलेल्या स्त्रिया बहुतांशी निरक्षर होत्या आणि त्यांत दलित स्त्रियाही होत्या. त्या दर आठवड्यास जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शिकत. बाळंतपण, अतिसार, लसीकरण, क्षय व कुष्ठरोग्यांची देखभाल ही कामे त्यांच्याकडे आली. सुईणीकडे कसब पूर्वीही होते. तिच्या शब्दास गावात वजन मात्र आता प्रथमच आले. हा बदल औषधांच्या पेटीने घडविला नाही. भिन्न जातींच्या स्त्रिया एका पंगतीस बसल्या, त्यात त्याची बीजे होती.

पुरुषांचे संघटन अधिक वळणावळणाने झाले. आरोग्य या विषयावर सभेस कोणी येत नसे. व्हॉलीबॉलचा खेळ मांडला तेव्हा तरुण शेतकरी आले आणि जाळ्याच्या दोन्ही बाजूंस जाती मिसळल्या. त्या खेळातून शेतकरी मंडळे निघाली. त्यांनी बांध घातले, झाडे लावली, लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालविली. स्त्रियांची महिला विकास मंडळे त्यानंतरची. आरोग्यकार्याचा इतिहास लिहिणाऱ्यास व्हॉलीबॉल हे साधन गौण वाटण्याचा संभव आहे; येथे ते तसे नाही.

१९७२ च्या दुष्काळात पाण्याचा प्रश्न पुढे आला, आणि या प्रयोगाची खरी कसोटी तेथे लागली. कूपनलिका खोदावयाच्या होत्या. जागा कोठे, हा प्रश्न वरकरणी भूगर्भशास्त्राचा, परंतु गावात तो सर्वस्वी सत्तेचा असतो. अनेक गावांत हातपंप दलित वस्तीत बसविले गेले. पाणी हवे असणाऱ्या सवर्ण कुटुंबांस तेथे जाऊन, तोच दांडा हाती धरून पाणी भरणे भाग पडले. मरीआईच्या गाड्यातील जी विसंगती वर सांगितली, तिच्यावर हा नेमका घाव होता. भाषणे देऊन जे साधले नसते ते पंपाच्या जागेने साधले. मात्र यास 'लोकेच्छा' म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गावाच्या बहुमताने मतदान झाले असते तर पंप चावडीपुढे बसला असता. संघटनेच्या बाहेरील एका हाताने येथे दुर्बलांच्या बाजूने झुकते माप टाकले, आणि मग तयार झालेले 'गाव' पूर्वीच्या गावाहून मोठे होते.

परिणामांची नोंद प्रकल्पाने ठेवली आहे. तीनुसार प्रकल्पक्षेत्रातील बालमृत्यूचे प्रमाण १९७१ मध्ये हजारी १७६ होते, ते १९७६ मध्ये ५२ झाले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केनेथ नेवेल यांनी संपादित केलेल्या ग्रंथात जामखेडचा समावेश केला. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेस जी उदाहरणे डोळ्यांपुढे होती त्यांत हे एक होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

विदर्भात याच सुमारास सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत दुसरी वाट चोखाळली. डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने तेथे ज्वारीच्या रूपाने आरोग्यविमा सुरू झाला. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने आपल्या जमिनीच्या मानाने ज्वारी द्यावयाची आणि त्या बदल्यात रुग्णालयात सवलतीने वा विनामूल्य उपचार मिळावयाचे, असा करार होता. गावातील बहुसंख्य कुटुंबे सहभागी झाल्याखेरीज गाव योजनेत घेतले जात नसे. वर्गणीचा हिशेब जमिनीवर आणि सेवेचा हिशेब गरजेवर, ही रचना लक्षणीय आहे. मरीआईच्या वर्गणीपेक्षा ती एका बाबतीत पुढे गेली: भूमिहीनाने थोडेच दिले तरी रुग्णालयातील खाटेवर त्याचा हक्क तितकाच राहिला.

येथे भाषेचा एक मुद्दा अप्रस्तुत ठरणार नाही. मराठीत वर्गणी 'जमते', पट्टी 'बसते' आणि लोकसहभाग 'मिळवला जातो'. पहिल्या क्रियापदात लोक स्वतः हालचाल करतात, दुसऱ्यात ते भार सोसतात, आणि तिसऱ्यात ते अधिकाऱ्याच्या हाती पडणारी वस्तू होतात. 'लोकसहभाग' हा शब्द शासकीय मराठीत जसजसा स्थिरावला तसतशी 'गावाने केले' ही रचना मागे पडून 'गावाचा सहभाग घेण्यात आला' ही कर्मणी रचना पुढे आली. जामखेड व सेवाग्राम येथील कार्याचे शासकीय योजनांत रूपांतर होताना जे गळाले त्याची खूण या प्रयोगातच सापडते.

ते रूपांतर झाले हे नाकारता येत नाही. २ ऑक्टोबर १९७७ ची समूह आरोग्य कार्यकर्त्यांची देशव्यापी योजना लवकरच निष्प्रभ झाली. त्या योजनेत निवडले गेलेले कार्यकर्ते प्रामुख्याने पुरुष होते. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने आशा कार्यकर्ती आणि ग्राम आरोग्य समिती या दोन्ही गोष्टी पुन्हा आणल्या. समितीस वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी मिळण्याची तरतूद झाली. आशा ही गावातीलच स्त्री असावी हा नियम जामखेडची आठवण करून देतो. आठवड्याचा तो एकत्र मुक्काम आणि ती पंगत मात्र नियमात मावली नाही.

याहून अर्थपूर्ण घटना २००७ मध्ये घडली. महाराष्ट्रात 'आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख' हा उपक्रम पाच जिल्ह्यांत सुरू झाला: अमरावती, नंदुरबार, तत्कालीन उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे. पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे राज्यपातळीवरील समन्वय होता आणि जिल्ह्या-जिल्ह्यांतील संस्था, संघटना व पंचायत सदस्य तीत एकत्र आले. गावकऱ्यांनी आपल्या दवाखान्याची स्थिती लाल, पिवळ्या वा हिरव्या रंगाने तक्त्यावर नोंदवावयाची आणि जनसुनवाईत ती अधिकाऱ्यांपुढे मांडावयाची, अशी पद्धत होती. समिती प्रथमच केवळ सहाय्यक न राहता साक्षीदार झाली. जनसुनवाईत उभे राहून बोलणाऱ्यांत ज्यांचे मूल दगावले वा ज्यांच्याकडून औषधाचे पैसे घेतले गेले अशी माणसे असत; त्यांचा शब्द टिपून घेणे अधिकाऱ्यास भाग पडे.

त्या पाच जिल्ह्यांत वाशीम नव्हता. अमरावती विभागातील शेजारी जिल्ह्यात जे तक्ते भिंतीवर लागले ते त्या पहिल्या टप्प्यात रिसोडच्या गावांत लागले नाहीत. पुढे २०१८ मध्ये केंद्र शासनाने वाशीमची गणना आकांक्षित जिल्ह्यांत केली. महाराष्ट्रातील अशा चार जिल्ह्यांपैकी तो एक होय. त्या कार्यक्रमात आरोग्य व पोषण यांचे निर्देशांक जिल्ह्याच्या पातळीवर मोजले जातात आणि जिल्ह्या-जिल्ह्यांची क्रमवारी लावली जाते. क्रमवारीतील एकक जिल्हा आहे. पैनगंगेकाठच्या एखाद्या गावात हातपंप कोणत्या वस्तीत आहे, यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही.