पावणेदोन हात माती

१/ मराठी मुलखातल्या प्रत्येक गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले जात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. मातीच्या रंगावरून गाव ओळखणाऱ्या या प्रदेशात एकोणिसाव्या शतकात मातीची प्रतवारी झाली आणि तिच्यावर हजारो कुटुंबांचे नांदणे-उजाडणे अवलंबून राहिले. त्या प्रतवारीचा हा इतिहास.

२/ आधी माती म्हणजे काय ते पाहू. झिजलेल्या खडकाचे कण, कुजलेला पालापाचोळा, पाणी, हवा आणि असंख्य सूक्ष्म जीव यांच्या दीर्घ सहवासातून माती घडते. दख्खनचा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. शेतात खड्डा खणला की वर माती, खाली मुरूम आणि तळाशी हा काळा पाषाण, असा क्रम लागतो.

३/ खडक एक, तरी माती अनेक. माळमाथ्यावर उथळ, खडीची बरड. नदीखोऱ्यात वाहून आलेली खोल काळी. कोकणाकडे मुसळधार पावसाने क्षार धुऊन नेले आणि लोहयुक्त तांबडा जांभा उरला. काळ्या मातीतले चिकण कण ओलाव्याने फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. म्हणून तिला भेगा पडतात. हीच माती ओल धरून ठेवते आणि पावसाळा सरल्यावरही त्या ओलीवर शाळू उभा राहतो.

४/ १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि जमीनमहसूल कंपनी सरकारच्या हाती आला. कोणत्या मातीवर किती सारा बसवायचा, हा पहिला पेच. रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२७ नंतर पुणे भागात पाहणी केली. रिकार्डोच्या खंडसिद्धांताचा त्याच्यावर प्रभाव होता. उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्याचे ५५ टक्के सरकारने घ्यावे, असे त्याचे सूत्र.

५/ सूत्र कागदावर निर्दोष होते. पण प्रत्येक मातीचे निव्वळ उत्पन्न मोजणार कसे? हाताखालच्या कारकुनांनी आकडे चुकीचे भरले, लाचलुचपत झाली. भाव आधीच कोसळले होते. त्यात हा सारा पेलेना. इंदापूर परगण्यात मोठ्या प्रमाणावर जमीन पडीक पडली. कित्येक कुळे शेजारच्या निजामाच्या मुलखात निघून गेली.

६/ १८३५ मध्ये हेन्री गोल्डस्मिड आणि जॉर्ज विंगेट यांनी इंदापुरातच नव्याने आरंभ केला. निव्वळ उत्पन्नाचा नाद त्यांनी सोडला. प्रश्न सोपा केला: माती कशी आहे आणि किती खोल आहे? शेताचे भाग पाडून वर्गकार प्रत्येक भागात माती तपासत असे आणि खोली हाताने मोजत असे. येथला हात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचे अंतर, सुमारे दीड फूट.

७/ मातीचे तीन गट केले गेले: बारीक पोताची काळी, त्याहून भरड, बहुधा तांबडी, आणि खडीची भुसभुशीत बरड. प्रती नऊ. पावणेदोन हात खोल, निर्दोष काळी माती सोळा आण्यांची. खोली पाव-पाव हाताने घटली की प्रत उतरे. शेवटची प्रत दोन आण्यांची. चुनखडी, वाळू, उतार, पाण्याचा उपळ असे दोष आढळले की आणखी उतार. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत मुंबई इलाख्यासाठी पक्की केली.

८/ या पद्धतीचे यश खरे होते. तिच्यासोबत सारा उतरला, तो तीस वर्षांसाठी बांधून दिला गेला आणि पडीक रानांत पुन्हा नांगर फिरले. पण आण्यांवरून फक्त एका शेताची दुसऱ्याशी तुलना ठरे. तालुक्याने एकूण किती द्यायचे, हे भाव, बाजारपेठ आणि पाऊसमान पाहून सरकारच ठरवी.

९/ १८६७ मध्ये इंदापूरची मुदत संपली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला तेजी आली होती. त्या भरभराटीच्या हिशेबाने सारा मोठ्या प्रमाणात वाढवला गेला. माती तीच, दर नवा. पुढे भाव उतरले आणि कर्ज वाढत गेले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांच्या दप्तरांची होळी झाली. या उठावात सारावाढीचा वाटा किती, यावर चौकशी आयोगातच एकमत झाले नाही.

१०/ १८८३ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय. त्या वर्षी रशियात वसिली डोकुचायेव्हचा तिथल्या काळ्या मातीवरचा ग्रंथ निघाला. मूळ खडक, हवामान, जीवसृष्टी, भूरचना आणि काळ यांच्या मेळातून माती घडते, या विचाराने मृदाशास्त्राचा पाया घातला. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला.

११/ फुल्यांनी पाहिले ते वर्गकाराच्या तक्त्यात नव्हते. डोंगरांवरचा पालापाचोळा शेतात येईनासा झाला आणि पावसाबरोबर जमिनीचा कस वाहून चालला, हे त्यांनी नोंदवले. पाणी आधी शेतात मुरावे आणि मगच ओढ्याला मिळावे, यासाठी सरकारने ताली-बंधारे घालावेत, अशी त्यांची मागणी होती.

१२/ महसुलाच्या दप्तरात मातीची खोली एकदा लिहिली की बहुधा तशीच राहिली. शेतात ती दर पावसाळ्यात घटू शकते. आणि बोटभर थर नव्याने तयार व्हायला शतके लागतात. पावणेदोन हात माती सोळा आण्यांची ठरली. ती पावणेदोन हात राखण्याची जबाबदारी मात्र कोणत्याच रकान्यात लिहिली गेली नाही.

(समाप्त)