पंजाबने जितेशला सोडले काय?

२०२५च्या आयपीएलआधी प्रत्येक संघाला जुने सहाच खेळाडू ठेवता येत होते, थेट राखून किंवा लिलावात ‘राइट टू मॅच’, म्हणजे दुसऱ्या संघाच्या बोलीइतकी रक्कम देऊन आपला खेळाडू परत घेण्याचा हक्क, वापरून. त्यांत अनकॅप्ड, म्हणजे भारताकडून कधीच किंवा आधीच्या पाच वर्षांत न खेळलेले, फार तर दोन. पंजाब किंग्जने या दोन्ही जागा शशांक सिंग आणि प्रभसिमरन सिंग यांना दिल्या. त्यामुळे अकोल्याच्या अथर्व तायडेवर त्यांना हक्क सांगताच येत नव्हता. तो ३० लाखांत हैदराबादकडे गेला. अमरावतीच्या जितेश शर्माची गोष्ट वेगळी. तो २०२३मध्ये भारताकडून खेळला होता. नोव्हेंबर २०२४मध्ये जेद्दाच्या लिलावात बंगळुरूची बोली ७ कोटींवर थांबली आणि पंजाबने हक्क सांगितला. पण नव्या नियमाने बोली लावणाऱ्याला आणखी एकदा रक्कम वाढवण्याची मुभा होती. बंगळुरूने थेट ११ कोटी म्हटले, तेव्हा पंजाब मागे हटले. म्हणून पंजाबने आपल्या पोराला वाऱ्यावर सोडले, हा काहींचा राग मला अन्यायाचा वाटतो. नियम खेळाडूच्या भल्याचाच ठरला: एका फेरीत चार कोटी वाढले. ३ जून २०२५च्या अंतिम सामन्यात जितेशने याच पंजाबविरुद्ध १० चेंडूंत २४ धावा केल्या. बंगळुरू ६ धावांनी जिंकले. — संपादक