घोड्यांतील वेस्ट नाइल ज्वर
मुख्यतः क्युलेक्स प्रजातीच्या डासांमुळे पसरणारा विषाणुजन्य रोग. हा विषाणू १९३७ मध्ये युगांडाच्या वेस्ट नाइल भागात प्रथम सापडला. त्याचे खरे आश्रयस्थान पक्षी. पक्ष्याचे रक्त शोषलेला डास तो घोड्यापर्यंत नेतो. घोड्याच्या रक्तात मात्र विषाणू इतके थोडे असतात, की त्याला चावलेल्या डासामार्फत रोग पुढे जात नाही. त्यामुळे आजारी घोड्याला वाळीत टाकण्याचे कारण नाही. बहुसंख्य घोड्यांत लक्षणे दिसतच नाहीत. दिसली तर तोल जाणे, ओठ व मानेचे स्नायू थरथरणे, मागचे पाय लुळे पडणे ही प्रमुख होत. अशा घोड्यांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावतात. रोगावर नेमके औषध नाही. अमेरिकेत तो १९९९ मध्ये न्यूयॉर्क परिसरात शिरला व २००२ मध्ये सुमारे १५,००० घोड्यांना झाला. तेथे २००१ पासून लस मिळते : आरंभी काही आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा, नंतर दरवर्षी डासांच्या हंगामाआधी एक. खरी भिस्त लशीवरच. सांजसकाळी घोडे पागेत बांधणे, पंखे लावणे, हौदातील पाणी वरचेवर बदलणे हे उपाय तिच्या जोडीचे. पाणी साचून डासांची पैदास होते ते आवारातले जुने टायर तेवढे हमखास विसरले जातात.