स्टॉक, कस्टम की ड्रॅग?

मागच्या वीकांताला माळा आवरायला काढला. काढला म्हणजे काढावा लागला. घर बदलायचंय आणि "ते तुझं भंगार तूच बघ" असा वटहुकूम निघाला होता. दोन मेलेले मदरबोर्ड आणि कसल्या कसल्या केबल्सच्या भेंडोळ्याखाली एक चपटं खोकं निघालं. झाकणावर १९५७ ची शेवरोले बेल एअर. एएमटी कंपनीचं १/२५ मापाचं प्लास्टिक किट. १९९१ साली मामाने अमेरिकेहून आणलं होतं, मी तेव्हा आठवीत होतो.

किट अर्धवट राहिलं होतं. त्याला लागणारा गोंद ज्वालाग्राही, तो विमानातून आणता येईना आणि पुण्यात तेव्हा तसला गोंद मला कुठे मिळाला नाही. मग हस्तकलेच्या तासाचा पांढरा गोंद लावला. भाग दोन दिवस चिकटल्यासारखं करायचे आणि तिसऱ्या दिवशी सुटून हातात यायचे. रंग म्हणून पोस्टर कलर फासला, तर वाळल्यावर त्याचे पापुद्रे निघायला लागले. इंजिन नि चासी कशीबशी उभी राहिली, बॉडी तशीच राहिली. मग दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, नोकरी... आणि खोकं माळ्यावर.

खोक्यात सूचनांचा कागदही सापडला. त्यात दर दोन पायऱ्यांनी एकच प्रश्न: हे लावायचं, की ते, की ते? एकाच खोक्यातून तीनपैकी कुठलीही एक गाडी बनवता येते. स्टॉक, म्हणजे कारखान्यातून आली तशी. कस्टम, म्हणजे आपल्या मनासारखी. किंवा ड्रॅग, म्हणजे शर्यतीची. आठवीत मला हा निर्णय झेपला नव्हता. मी मामाला पत्र टाकून विचारलं, कुठली बनवू? त्याचं उत्तर आलं: "गाडी तुझी आहे, मला काय विचारतोस?" मामा २०१९ मध्ये गेला. प्रश्न तसाच राहिला.

तर गेले काही दिवस हापिसचं काम आटपलं की रात्री मी हे तीन पर्याय मुळात आले कुठून, हे शोधत बसलोय. आणि प्रकरण भलतंच रंजक निघालं, मंडळी.

पहिली गोष्ट म्हणजे हा छंद, छंद म्हणून जन्मलाच नाही. ते सेल्स डिपार्टमेंटचं अपत्य. महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारींना प्रचंड मागणी आली. १९४८ मध्ये वेस्ट गॅलोगली नावाच्या मिशिगनमधल्या एका वकिलाने एएमटी काढली. एएमटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम मॉडेल टॉइज, कारण सुरुवातीची मॉडेलं खरोखरच अ‍ॅल्युमिनियमची होती. ती दुकानासाठी नव्हतीच, ती मोटार-डीलरसाठी होती. बाबा नवी गाडी बघायला येणार, सोबत पोरगं असणार, त्याच्या हातात हुबेहूब छोटी गाडी ठेवायची. रंगसुद्धा कंपनीच्या त्या वर्षीच्या रंगपट्टीतलेच. पोरगं घरी जाऊन बाबांचं डोकं खाणार, हे गृहीत. पुढे ही मॉडेलं प्लास्टिकची झाली. आधी अ‍ॅसिटेट नावाचं प्लास्टिक वापरायचे, ते वर्षानुवर्षं हळूहळू आकसतं नि वाकतं. त्या काळातल्या कितीतरी गाड्या आज संग्राहकांच्या कपाटात केळ्यासारख्या वाकलेल्या दिसतात.

दर वर्षी नवं मॉडेल का लागायचं? कारण डेट्रॉइट दर वर्षी गाडीचा चेहरा बदलायचं. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने १९२० च्या दशकात हे तंत्र रुजवलं: गेल्या वर्षीची गाडी अंगणात असताना यंदाची बघून जीव खालीवर झाला पाहिजे. शेवरोलेचंच बघा ना. १९५७, १९५८ आणि १९५९ या तीन वर्षांत तीन पूर्णपणे वेगळ्या बॉड्या! म्हणजे छोट्या गाडीचाही साचा दर वर्षी नवा.

मग १९५८ मध्ये एएमटीने एक साधीच पण भन्नाट गोष्ट केली. साचा तर आहेच. तीच गाडी न जोडता, सुट्या भागांत, खोक्यात घालून विकायची. आणि सोबत जास्तीचे भाग द्यायचे, म्हणजे पोराने हवी तशी जोडावी. थ्री-इन-वन.

जास्तीचे भाग हवेतून आले नाहीत. कॅलिफोर्नियात युद्धावरून परतलेली आणि त्यांची धाकटी भावंडं असलेली पोरं जुन्या फोर्ड नि मर्क्युरी घेऊन गॅरेजमध्ये कापाकापी करत होती. 'हॉट रॉड' मासिक जानेवारी १९४८ मध्ये सुरू झालं. जॉर्ज बॅरिस आणि त्याचा भाऊ सॅम छप्पर कापून खाली आणायचे, दरवाज्यांच्या मुठी काढून टाकायचे, कंपनीचं नाव असलेली चिन्हं उपटून भोकं शिशाने बुजवायचे. शेवटच्या गोष्टीपाशी मी थोडा थांबलो. गाडी विकत घेतल्यावर सगळ्यात आधी काय करायचं, तर कंपनीचं नाव पुसायचं. डीलरने कंपनीच्या जाहिरातीसाठी वाटलेल्या मॉडेलचा वंशज, आणि त्याच्याच खोक्यात कंपनीचं नाव पुसण्याची सोय!

पुढची दहाएक वर्षं म्हणजे नुसती धमाल आहे. बॅरिसची बक्षिसं मिळवणारी 'अला कार्ट' एएमटीच्या खोक्यात आली. कॅलिफोर्नियाच्या रेव्हेल कंपनीने एड रॉथला धरलं. हा अवलिया फायबरग्लासच्या गाड्या घडवायचा, त्यामुळे मूळ कुठल्या कंपनीची बॉडी असण्याची भानगडच नाही. त्याच्या 'बीटनिक बँडिट'ला काचेच्या बुडबुड्यासारखं छप्पर होतं आणि स्टिअरिंगच्या जागी एक दांडी. रेव्हेल त्याला दर खोक्यामागे एक सेंट द्यायची. टॉम वुल्फने १९६३ मध्ये 'एस्क्वायर'मध्ये या मंडळींवर लेख लिहिला आणि न्यूयॉर्कच्या शहाण्या लोकांना कळलं की हीसुद्धा कला असू शकते. पोरांना ते आधीच कळलं होतं, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून.

एएमटीने जीन विनफिल्ड या कस्टमवाल्याला थेट नोकरीवरच ठेवला होता. 'स्टार ट्रेक'मधलं गॅलिलिओ नावाचं खऱ्या आकाराचं शटल त्याच्याच हाताखाली बनलं. आपल्या धंद्यातल्या निम्म्या लोकांचं दैवत असलेल्या मालिकेतलं यान एका मोटार-कापणाऱ्याने बनवलंय, हे मला आत्ता कळतंय म्हणजे कमाल आहे.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट 'रेड बॅरन'ची. टॉम डॅनियल नावाच्या डिझायनरने १९६८ मध्ये मोनोग्राम कंपनीसाठी एक किट काढलं. गाडीच्या डोक्यावर पहिल्या महायुद्धातलं जर्मन शिरस्त्राण, इंजिनही विमानाचं. अशी गाडी जगात कुठेच नव्हती. किट इतकं चाललं की नंतर डेट्रॉइटच्या चक मिलरने ते खोकं समोर ठेवून खरी, चालणारी, पूर्ण आकाराची गाडी बनवली. म्हणजे नक्कल आधी आणि अस्सल नंतर! वीस वर्षांपूर्वी डीलरच्या टेबलावर मोठ्या गाडीची छोटी सावली म्हणून सुरू झालेली गोष्ट इथे उलटी फिरली.

(एक अवांतर. या किटच्या गोंदात टोल्युइन असायचं आणि साठच्या दशकात काही पोरं तो हुंगायला लागली. मोठाच गहजब झाला. शेवटी टेस्टर्स कंपनीने गोंदात मोहरीचं झणझणीत तेल मिसळलं, म्हणजे नाकाजवळ नेलं की डोळ्यांतून पाणी. आपण तीच मोहरी दिवाळीत किल्ल्यावर पेरायचो, झाडी म्हणून.)

नंतर ओहोटी लागली. पोरं मोठी झाली, त्यांना खऱ्या गाड्या मिळाल्या. १९७३ चं तेलसंकट आलं आणि मोठ्या इंजिनाच्या गाड्यांचा रुबाब उतरला. १९७८ मध्ये एएमटी मॅचबॉक्सवाल्या लेस्नीने घेतली, नंतर अर्टलने. मोनोग्राम आणि रेव्हेल १९८६ मध्ये एकत्र आल्या. २०१८ मध्ये रेव्हेलच्या अमेरिकन मालकाने दिवाळं काढलं आणि नाव जर्मनीत शिल्लक राहिलं.

आता आपल्या लोकांना हळहळायला लावणारा भाग. एएमटीसारख्या कंपन्या दर वर्षी नवा साचा कोऱ्या पोलादातून घडवत नसत. शक्य असेल तिथे जुनाच साचा कोरून पुढच्या वर्षीची गाडी करायच्या. ६४ ची ६५ झाली की ६४ संपली. कायमची. ब्रँच नाही, टॅग नाही, बॅकअप नाही. प्रॉडक्शन सर्व्हरवर थेट एडिट! अशा कितीतरी वर्षांच्या गाड्यांचे साचे आज अस्तित्वातच नाहीत. उरलीत ती फक्त त्या वर्षी विकली गेलेली खोकी, आणि त्यातली बहुतेक पोरांनी कापून, रंगवून, फटाके लावून संपवलेली.

आणि ऐंशीच्या दशकापासून ही पोरं परत आली. चाळिशीची, पोट सुटलेली. त्यांच्यासाठी कंपन्यांनी उरलेल्या साच्यांतून जुनी किटं पुन्हा काढली. एएमटी हे नाव आज इंडियानामधल्या राउंड टू कंपनीकडे आहे आणि ती काही हरवलेल्या गाड्यांचे साचे जुन्या नमुन्यांवरून चक्क नव्याने बनवते. परत आलेली मंडळी लहानपणी गोंदाने बरबटलेल्या गाड्या शोधून काढतात, ब्रेक ऑइलमध्ये बुडवून रंग उतरवतात, फ्रीजरमध्ये ठेवून जुने सांधे सोडवतात. आणि कशासाठी? बऱ्याचदा ती गाडी पुन्हा स्टॉक करायला. कारखान्यातून आली तशी. आठवीतल्या पोराने कंपनीचं नाव पुसलं होतं, पन्नाशीतला गृहस्थ ते चिमट्याने परत चिकटवतोय. न उघडलेल्या खोक्याला तर सगळ्यात जास्त भाव.

मला हे समजतं, पण पटत नाही. त्या खोक्यातली एकमेव नवी गोष्ट कापायची परवानगी हीच होती. हुबेहूब गाडी तर डीलर फुकट देत होता.

कदाचित मला हे जास्त टोचतं कारण आमच्याकडे ती परवानगी कधी नव्हतीच. तिकडे १९५८ मध्ये थ्री-इन-वन आलं तेव्हा इकडे परवाने होते. मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली अ‍ॅम्बेसेडर २०१४ पर्यंत चेहरा जवळपास तोच ठेवून चालली. फिएट ११०० ची पद्मिनी झाली, पण ती नावाने. रूपाने फारशी नाही. दर वर्षी गाडी बदलणार नसेल तर डीलर पोराला खेळणं कशाला देईल? वर्षानुवर्षं वेटिंग लिस्ट असताना गिऱ्हाइकाला पटवायचंच कुणाला होतं! भारतात थ्री-इन-वन निघालं असतं तर त्यात स्टॉक, स्टॉक आणि स्टॉक असंच मिळालं असतं. खेळण्यातल्या गाड्या ऐंशीच्या दशकाच्या शेवटी 'लिओ'च्या हॉट व्हील्सच्या रूपाने आल्या, पण त्या तयार. जोडायचं, मोडायचं काही नाही. आम्ही जे काही स्वतःच्या डोक्याने घडवलं ते दिवाळीतला किल्लाच, ज्यात मावळा दरवाज्यापेक्षा उंच असायचा आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

असो. बेल एअरकडे वळतो.

पोस्टर कलर साध्या पाण्याने निघाला, टूथब्रश लावून. खरा गोंद आता ऑनलाइन दोन दिवसांत घरी येतो. तो चिकटवत नाही, दोन्ही बाजूंचं प्लास्टिक विरघळवून एकजीव करतो. आठवीत हे कळलं असतं तर! १/२५ मापाची एक गंमतही लक्षात आली: खऱ्या गाडीचा एक इंच म्हणजे इथे जवळपास एक मिलिमीटर. त्यामुळे मोठ्या गाड्यांची मापं सरळ पट्टीवर उतरवता येतात. २०० इंची बेल एअर माझ्या टेबलावर २० सेंटिमीटरची आहे.

मन स्टॉककडे ओढत होतं. मामाची आठवण, खोक्यावरचं चित्र, वगैरे. दोन रात्री बॉडी समोर घेऊन नुसता बसलो. तिसऱ्या रात्री छपराखालच्या खांबांवर मास्किंग टेप लावली, तीन मिलिमीटरवर पेन्सिलची रेघ मारली, म्हणजे बॅरिसच्या भाषेत तीन इंच, आणि बारीक करवत लावली.

चार खांब, पाऊण तास. उजवीकडचा मागचा थोडा तिरका कापला गेला. छप्पर खाली बसवून पाहिलं तर पुढच्या बाजूला जुळेना, कारण काचेचे खांब कललेले असतात, ते आखूड केले की वरची टोकं पुढे सरकतात आणि छप्पर तोकडं पडतं. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. आता छपराचेही मधोमध दोन तुकडे करून मध्ये दोन मिलिमीटरची प्लास्टिकची पट्टी घालावी लागणार. पट्टीची ऑर्डर दिली आहे, शनिवारपर्यंत येईल.